सैलावलेल्या टेपची कबुली

मित्रांनो, शिलाई यंत्राच्या खणात, सुयादोऱ्यांच्या गराड्यात पडलेली ही पिवळी पट्टी म्हणजे मी, एक जुनी कापडी टेप. माझे आकडे पुसट झालेत, पण तोरा गेलेला नाही. शिवणकाम करणाऱ्या माझ्या ताईच्या गळ्यात मी बारा वर्षे मिरवले. 'तुमचं माप कधी चुकत नाही हं,' असे गिऱ्हाइके म्हणायची आणि मी फुगून जायचे.

ताईचे पहिले बाळ जन्माआधीच गेले. घरात त्याचा विषयही निघेना. ती पुन्हा गरोदर राहिली, तेव्हा सासूबाई मायेनेच म्हणाल्या, "आता जुनं उगाळू नकोस. हसत राहा." ताई गिऱ्हाइकांपुढे हसायची. मग दार लोटून मला पोटाभोवती गुंडाळायची. दिवसातून वीस-वीस वेळा, घट्ट ताणून.

मी पडले कापडाची. ताणून ताणून सैलावले. कपडे बिघडले नाहीत, कारण अंगाचे मापही मीच घ्यायचे आणि कापडाचेही मीच. पोटाचा घेर मात्र तीन आठवडे तेवढाच भरला. ताईच्या तोंडचे पाणी पळाले. "याचंही तसंच झालं," ती पुटपुटली आणि मला मुठीत धरून सासूबाईंसोबत दवाखान्यात गेली.

नर्सबाईंनी आधी तिला बाळाचे ठोके ऐकवले. अगदी ठणठणीत होते. मग मला आपल्या नव्या टेपशेजारी पसरले. मी चांगली बोटभर लांब निघाले. म्हणजे पोट वाढत होते, मीच माप कमी दाखवत होते. लाजेने मेले, मित्रांनो.

नर्सबाई हसल्या नाहीत. "दिवसातून किती वेळा मोजता?"

"किती म्हणून सांगू?"

"आणि पहिल्या बाळाबद्दल कुणाशी बोलता?"

ताईला रडू फुटले. सासूबाईंनी तिला जवळ घेतले. "मला वाटलं, विषय काढला तर तुला त्रास होईल," त्या म्हणाल्या. "मलाही रोज आठवतं गं ते."

नर्सबाईंनी मनाच्या डॉक्टरांसाठी चिठ्ठी दिली. ताई तिथे जाऊ लागली. भीती काही एका दिवसात गेली नाही. पण आता ती दार लोटत नाही, हाक मारते, "आई, पुन्हा तसंच वाटतंय." सासूबाई हातातले काम टाकून येतात.

तुमच्या घरी अशी कुणी आई असेल, तर 'सगळं छान होईल' म्हणून निघून जाऊ नका. 'भीती वाटते का?' एवढे विचारा, आणि उत्तर येईपर्यंत तिच्याजवळ बसून राहा.