बहात्तर अक्षरं

वाटूरच्या घरी बसून सुमेधा पुण्याच्या एका कंपनीचं काम करायची, त्याला दोन वर्षं होत आली होती. घरात ती आणि तिचे बाबा, साहेबराव. निवृत्त मास्तर, आता कानांनी अधू. दिवसचे दिवस तिचं कुणाशी धड बोलणं होत नसे. म्हणूनच असेल, प्रोग्राममधला बदल साठवताना सोबत जी टीप लिहायची असते, तो कमिट मेसेज ती पत्रासारखा लिहायची. एकाच ओळीत, लांबच लांब.

तेच एकदा नडलं. दवाखान्याच्या रुग्णांना तारखेची आठवण पाठवणाऱ्या प्रोग्राममध्ये तिनं बदल केला आणि टिपेच्या अगदी शेवटी लिहिलं, की रविवारचे मेसेज तूर्त बंद राहतील. ती ओळ स्क्रीनबाहेर गेली. कुणी वाचलीच नाही. सोमवारी निम्मे रुग्ण आले नाहीत.

तिची वरिष्ठ तृप्ती, तिचा फोन आला. दोन महिन्यांतला पहिलाच. सुमेधाला धडकी भरली, पण तृप्ती रागावली नाही.

"तू लिहिलं होतंस गं. पण एवढी लांब ओळ सरकवत कोण बसणार? एडिटरला बहात्तर अक्षरांची मर्यादा घाल."

बोलणं वीस मिनिटं चाललं. मग सुमेधानं, ज्यात ती टिपा लिहायची त्या एडिटरच्या सेटिंगमध्ये तेवढी एक ओळ टाकली आणि लिहून पाहिलं. बहात्तरच्या पुढे जाणारा शब्द आपोआप खाली उतरला. वर छोटा मथळा, एक ओळ कोरी, खाली कारण. सगळं नजरेत.

तिच्या टिपा इतक्या स्वच्छ झाल्या, की कुणाला काही विचारावंच लागेना. टिपेखाली पसंतीच्या अंगठ्याचं नुसतं चिन्ह यायचं. असे पाच आठवडे गेले. एका दुपारी तिनंच तृप्तीला फोन लावला.

"काय अडलं?"

"काही न्हाई. सहज केलता."

मीटिंग आहे, संध्याकाळी करते, तृप्ती म्हणाली. संध्याकाळी फोन आला नाही.

दिवेलागणीला सुमेधा दोन कप चहा घेऊन ओट्यावर बाबांजवळ खुर्चीत बसली आणि झालेलं सगळं सांगू लागली.

"बहात्तर काय?" त्यांनी मधेच विचारलं.

"अक्षरं, बाबा. एका ओळीत."

"न्हाई आलं ऐकू. पहिल्यापासून सांग बरं."

तिनं खुर्ची उचलून त्यांच्या त्यातल्या त्यात बऱ्या कानाकडे ठेवली.