माझ्या पोटातला सदरा

मी झर्का शहरातल्या एका आखाड्यातली गुद्द्यांची बॅग बोलतेय. माझ्याकडून गोड बोलण्याची अपेक्षा ठेवू नका. ज्या मुसअबनं मला बावीस वर्षं बदडलं, त्याच्याबद्दल मला माया कुठून असणार?

एका म्हाताऱ्या जीनगरानं मला गाईच्या कातड्यातून शिवलं आणि पोट रिकामंच ठेवलं. ते भरायची रीत वस्ताद अबू सनद यांनी घालून दिली. झुंजीत जो हरेल त्यानं अंगातला सदरा काढायचा, कॉलरवर नाव लिहायचं आणि माझ्या पोटात कोंबायचा. दुसऱ्या दिवसापासून आपल्याच पराभवावर गुद्दे मारायचे. अशानं माणूस शिकतो, असं वस्ताद म्हणत. बरेच जण शिकलेही.

मिक्स्ड मार्शल आर्ट्सच्या मोठ्या स्पर्धेला आखाड्यातून एकच जण जाणार होता. मुसअब आणि रश्दान तोडीस तोड, शिवाय जिवलग दोस्त. वस्ताद आजारी, म्हणून दोघांनी दार लावून झुंज उरकली. साक्षीला मी एकटी. चौथ्या मिनिटाला रश्दाननं असा हात मुरगळला की मुसअबनं जमिनीवर थापा मारून हार मानली.

मग तो तिथंच रडायला लागला. त्याच्या बापाला भारी घाई. पोरगा निवडला गेलाच असं धरून त्यानं सकाळीच पाच बोकड कापले होते आणि सगळ्या भावकीला मन्सफच्या जेवणाचं आवतण दिलं होतं. परातींत भात-मटण वाढून तयार होतं.

"माणसं जेवायला बसलीयत रे. मी कुठल्या तोंडानं घरी जाऊ?"

रश्दाननं त्याला हात देऊन उठवलं. मग त्यानं स्वतःचा सदरा काढला, कॉलरवर नाव लिहिलं आणि माझ्या पोटात सारला.

मुसअबनं विजेत्याचा पट्टा आणला आणि चार वर्षं कुणाला शिवू दिला नाही. लढायचा छान, हे मला मार खाऊनही कबूल आहे. पण मेला शेफारला. "या पोटात माझा सदरा नाही," असं माझ्यावर थाप मारून सांगायचा. वर नव्या पोरांना रश्दानचा दाखला द्यायचा, म्हणे अंगात ताकद होती, पण काळीज उंदराचं. माझा नुसता संताप व्हायचा. रश्दान तेव्हा गॅसची गाडी चालवत होता. आखाड्यातल्या चहाच्या शेगडीला सिलिंडर तोच आणायचा.

परवा माझी शिवण उसवली. मुसअब आता तिथला वस्ताद. त्यानं पोरांना जमवून मला उभी चिरली. हरलेल्यांचे सदरे काचेच्या कपाटात लावायचे आणि वर त्याचा पट्टा, असा बेत. रश्दानचा सदरा हाती लागला तसा त्यानं तो उंच धरला. पोरं खिदळली. दारात रश्दान खांद्यावर सिलिंडर घेऊन उभा होता.

त्यानं सिलिंडर खाली ठेवला. "मुसअब, त्या दिवशी मन्सफ पोटभर जेवलास ना?"

पोरांना काही उमगलं नाही. मुसअबचं तोंड मात्र उतरलं. मला वाटलं, आता तरी हा स्वतःचा सदरा काढेल. त्यानं हातातल्या सदऱ्याची धूळ झटकली.

"सिलिंडर आत ठेव," तो म्हणाला, आणि सदरा कपाटात लावला.

मी आता मागच्या अंगणात पडलेय, पोट रिकामं. इतकी वर्षं तिथं ठेवलेलं सांगून मोकळी झाले. कधी त्या आखाड्यात गेलात, तर पट्ट्याखालचा पहिला सदरा बघा. हसू मात्र नका. तो जिंकलेल्या माणसाचा आहे.