वरच्या मजल्यावरचं वाचन

गल्लीत सगळे तिला मास्तर म्हणत. थोरली बहीण जन्मभर शाळेत शिकवून शेवटपर्यंत नुसती बाईच राहिली, आणि हिने कापडावर खडू ओढून मास्तरकी मिळवली, हे घरातलं जुनं दुखणं होतं. त्यामुळे जिन्यावरून पडून मास्तरचं उजवं मनगट मोडलं, महिनाभराचं प्लास्टर चढलं, तेव्हा ताईने संधी साधली. पिशवीभर पुस्तकं आणून खाटेवर ओतली. आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतलीस, आता जरा मजेखातर वाच, म्हणाली. फिरतीच्या नोकरीवर असलेल्या मुलाने फोनवरून बजावलं की जिना उतरलीस तर दाराला कुलूप घालीन.

आज प्लास्टर निघालं आणि ताई पुस्तकं न्यायला हजर. महिना कसा गेला, काय वाचलं, काय आवडलं, अशी तिने परीक्षाच मांडली. मास्तर मनगट चोळत बसली. काय सांगणार, कपाळ?

वाचलं होतं तिने. पण कपडा उलटा करून आतली शिलाई बघितल्याशिवाय तिला कपडा कळत नसे, तसं तिने प्रत्येक पुस्तक शेवटाकडून उघडलं. खुनी पहिल्याच दिवशी सापडला. मग दोनशे पानं पोलिसांची उगाच चाललेली धावपळ बघून तिला त्यांची कीव आली. बोटीच्या प्रवासाचं पुस्तक घेतलं, तर बोट अर्ध्या वाटेवर असताना ही खिडकीपाशी जाऊन आली, पाणी पिऊन आली, आणि परत तेच पान. चार ओळी वाचायच्या की कान जमिनीकडे.

कारण खाली दुकान होतं आणि दुकानात सून मशीन चालवत होती. पहिला आठवडा मास्तर वर बसून ओळखायची, ही कॉलर, ही बाही. नंतर लांबच लांब, सरळ शिलाई ऐकू येऊ लागली. सकाळ झाली की सुरू, दिवेलागणीपर्यंत दम नाही. पडदे असणार. चादरी असणार. आपल्याला न विचारता नवी कामं घेतली, आणि आपल्यावाचून दुकान झोकात चाललंय, असं तिच्या मनाने घेतलं. नवरा गेल्यावर ज्या दुकानाने तिला उभं केलं, त्याला आता तिची गरज नव्हती. पण विचारायला जीभ रेटत नव्हती. सून जेवण घेऊन वर आली की ही उगाच म्हणायची, "काम कसं काय?" सून म्हणायची, "चाललंय. तुम्ही वाचा." ते 'तुम्ही वाचा' तिला दिवसभर टोचायचं.

एकदाच एका दुपारी सून दोरे आणायला गेली. खालचा आवाज बंद झाला, आणि एका जाड कादंबरीतल्या भांडखोर भावंडांत मास्तर अशी गुंतली की चहा निवून गेला तरी पत्ता नाही. तेवढाच काय तो आनंद.

"एक दुपार आवडली," ती ताईला म्हणाली. ताईला उत्तर पटलं नाही, पण तोवर मास्तर उठून कठड्याला धरत जिना उतरायला लागली होती. सकाळी दवाखान्यात जाताना दुकान बंद होतं. आता मशीन वाजत होतं.

दुकानात पडदा नव्हता की चादर नव्हती. फळीवर गिऱ्हाइकांची कापडं घडीची घडी पडली होती, एकालाही कात्री लागलेली नव्हती. सून चिंध्यांना चिंध्या जोडत होती. जोडलेल्या पट्ट्यांचा पायाशी ढीग साचला होता.

सासूला बघून तिचा पाय थांबला. तुम्ही कापून ठेवलेलं पहिल्या आठवड्यातच संपलं, ती खाली बघत म्हणाली. लोकांना वायदे देऊन थांबवलं, आज देते, उद्या देते करत.

"मग हे कशाला चालवत होतीस?"

"मशीन थांबलं की वर तुमची खुर्ची करकरायची, आई. मला वाटायचं, उतरतील आता, परत पडतील. चालू असलं की तुम्ही गप वाचत बसायच्या."

मास्तर स्टुलावर टेकली. महिनाभर जिच्या नावाने मनात खडे फोडले, ती ही. हसावं की रडावं कळेना. आणि खोटं कशाला बोला, आधी तिला आनंदच झाला. दुकान अडलं होतं. आपल्यावाचून अडलं होतं.

तिने वरची घडी उचलली. कोटाचं कापड होतं. टेबलावर पसरलं, खुणा केल्या, रेघ जरा थरथरली पण चालण्यासारखी होती. मग मोठी कात्री घेतली. बोटं मिटेनात. दात आवळून पुन्हा जोर केला, तर मनगटातून कळ गेली आणि कात्री टेबलावर आपटली.

डॉक्टर म्हणालेत ना, हळूहळू येईल जोर, सून म्हणाली.

मास्तरने फळीकडे पाहिलं. मग कात्री सुनेपुढे सरकवली.

"मला नाही जमणार, आई. कापलेलं परत जोडता येत नाही."

"मीसुद्धा पहिला कोट वायाच घालवला होता. धर."

सुनेने कात्री घातली. पातं आधी कचकन गेलं, मग रेघेवरून सरळ चाललं, फार सरळ. मास्तरला वाईट वाटलं, चांगलंच वाईट वाटलं.

"थांबू नकोस," ती म्हणाली, आणि डाव्या हाताने कापडाची कड धरून राहिली.