‘इतर’मध्ये गेलेलं रान

मेमरी भरली म्हणून लॅपटॉपनं परत मान टाकली, आन मी घोडेगावच्या वनखात्याच्या ऑफिसात सगळ्यांदेखत त्याला शिवी हासडली. जुन्नर-आंबेगावात बिबट्या कुठं कुठं आला, त्याच्या इतक्या वर्षांच्या नोंदी त्यात. त्यावरून आज धोका कुठं हे लॅपटॉपातल्या मॉडेलनं सांगायचं, मग दिवस मावळायच्या आत गस्तीच्या गाड्या सुटायच्या. गाड्या मोजक्याच.

घोळ आमच्या धनगरी बोलण्यानं घातला व्हता. आमी मुक्काम गावाच्या नावानं सांगत न्हाई. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवली, त्याचं नाव सांगतो. सावळेरामाचं रान, रामनाथाचं रान. नोंदी मीच तशा घेतल्या, लई अभिमानानं. आता मशीनला दर रान नवी जागा वाटायची आन दर जागेला ते नवा रकाना उघडायचं. मावणार कुठं?

नोंदींचे तुकडे केले, निम्म्या काढल्या. काही उपयोग न्हाई. रडू यायला लागलं.

गस्तीच्या गाड्या सोडणारे सुदर्शन सर म्हणाले, “पुष्पा, एकदोनदाच आलेली रानं ‘इतर’मध्ये टाक. गाड्या खोळंबल्यात.”

टाकली. मॉडेल मुकाट चाललं, गाड्या ओझरकडं गेल्या. मग मी डिंगोऱ्यातलं भगवंताचं रान शोधलं. तिथं माझी आई तानूबाई मेंढरं घेऊन बसलेली, जवळ माझी लेक आरोही. ते रान ‘इतर’मध्ये गेलं व्हतं. बिबट्या दडतो त्या उसाला लागून असलेलं हे रान आन दुसऱ्यांचे उघडे माळ, सगळ्यांची मिळून एकच सरासरी. धोका कमी.

सरांना म्हणलं, एक गाडी वळवा. ते म्हणाले, “मॉडेलच्या निकालात ते रान नाही, कशी वळवू?”

आईला फोन लावला. “आरोहीला घेऊन गावात जा.”

“मेंढरं बसलीत, आता कुठं जाऊ? तुझ्या मशीननं आमचं रान सांगितलं का?”

“न्हाई, पण...”

“मग झालं तर. लई दिसांनी आज सुखानं निजते. पोरीला पालाबाहेर हातरूण घालते, आत उकडतंय.”

“आई, ते चुकलंय. मी चुकवलंय.”

“तू आन चुकशील? एवढी शिकलीस. जा, भाकर खा.”

तिनं फोन ठेवला. परत लावला तर बंद. मी स्टँडकडं पळत सुटले. तिथं डिंगोऱ्याकडं जाणारं काहीच उभं नव्हतं.