फ्राऊ गेल्बचं तळं

त्या उन्हाळ्यात हॅरिएटच्या बागेत रोज कुणीतरी कुणाचा तरी जीव घेत होतं आणि घरात कुणाला त्याचं काही वाटत नव्हतं. गयाबाईला हेच पचेना.

हॅरिएट ही वरच्या मजल्यावरची घरमालकीण. एका सैनिकाची बायको म्हणून इंग्लंडहून हॅनोव्हरला आली, नवरा गेला तरी इथेच राहिली. सगळ्या गल्लीत गवत नखाएवढं कापलेलं. हिच्या बागेत कमरेएवढं. कोपऱ्यात अंगाची आग करणारी झुडपं, कुजक्या ओंडक्यांचा ढीग, मधोमध तळं. शेजारी नाकं मुरडायचे. ती म्हणायची, आमच्याकडे बाग अशीच ठेवतात, जागा दिली की जीव आपोआप येतात. खालचा मजला अनुप आणि सुमेधाला भाड्याने देताना तिने एकच अट घातली होती : बागेत कुणी कुणाला मारायचं ते बाग ठरवील, आपण नाही. अनुपला अट फारच आवडली. आम्हा बौद्धांचं पहिलं शीलच ते, असं त्याने तिला कौतुकाने सांगूनही टाकलं.

गयाबाई अनुपची आई. भंडाऱ्याहून आली होती ती नातीसाठी. धम्मदीपा सहा वर्षांची. पोरीला मराठी सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं. हॅरिएटला ती ‘ग्रॅनी’ म्हणायची आणि खुशाल तिच्या मांडीत जाऊन बसायची. गयाबाईलाही आजी म्हणायची, पण टीव्हीतल्या बाईचं नाव घ्यावं तसं, लांबून. परत जायच्या आत पोरीने एकदा आपणहून मांडीवर यावं, आपल्या बोलीत दोन शब्द बोलावे, एवढंच गयाबाईला हवं होतं. फुटबॉलच्या वर्ल्ड कपसाठी दुनिया मोटारींना झेंडे लावून जर्मनीत आली होती. गयाबाईचा कप तेवढाच.

संध्याकाळी वंदनेला दोघी शेजारी उभ्या राहत. ‘पाणातिपाता वेरमणी’ एवढं पोरीला पाठ झालं होतं. म्हणजे कुठल्याही जिवाला मारायचं नाही, गयाबाईने समजावलं. पोरीने मान डोलावली. आणि दुसऱ्या दिवशी तीच पोरगी तळ्याकाठी बसून, बगळा बेडकाला उलटा धरून गिळतो कसा, ते भाकरी खात बघत होती. ओंडक्यावर कोळी गांधीलमाशीला गुंडाळत होता, तेही बघून झालं. सुमेधा म्हणाली, “आई, तो निसर्ग आहे.”

“आमच्याकडे याले खून म्हणतात,” गयाबाई म्हणाली आणि तांदूळ निवडायला लागली.

जुलैची दुपार होती. अनुप-सुमेधा ऑफिसात, हॅरिएट वर झोपलेली. धम्मदीपा तळ्यात पाय सोडून बसली होती. गयाबाई गॅलरीच्या दारातून तिच्याकडेच बघत होती, तेव्हा पाण्यावर एक रेघ उमटली. रेघेला डोकं होतं. ती सरळ पोरीच्या पायांकडे येत होती.

गयाबाईची धाकटी बहीण जनी धानाच्या बांधीतल्या पाण्यात अशीच पाय सोडून बसली होती. संध्याकाळपर्यंत तिचं तोंड निळं पडलं.

भिंतीला फावडं टेकवलेलं होतं. साठी उलटलेली बाई एवढी धावेल असं कुणी म्हटलं नसतं. तिने पोरीला दंडाला धरून मागे फेकलं, ती ओंडक्यांवर आपटली. साप काठावर चढला तसं फावडं खाली आलं. पहिला घाव मानेमागे. शरीर तुटलं नाही, पिळवटून फावड्याच्या दांड्याला वेढा घालायला लागलं. दुसरा घाव. घाण वास सुटला. सापाने आ वासला आणि त्या जबड्यातून आधी दोन मागचे पाय आले, मग अख्खा बेडूक, लाळेने माखलेला, जिवंत. तो तिथेच धापा टाकत बसला. जोडीदार सूड घेतो वगैरे गोष्टी गयाबाईच्या लेखी थोतांड होत्या; तरी तिने डोकं पार चिखल होईपर्यंत ठेचलं. रक्त लुगड्याच्या काठावर उडालं.

मग तिला मनगटात कळ आली. साप नव्हता. धम्मदीपा चावली होती, आणि सोडत नव्हती.

तो साप म्हणजे फ्राऊ गेल्ब, पिवळ्या बाई. गळ्याशी पिवळा पट्टा, म्हणून पोरीने आणि हॅरिएटने ठेवलेलं नाव. बिनविषारी, रोज यायची, पोरीच्या पायांपाशी थांबायची. हे सगळं धम्मदीपाने रडत, जर्मनमध्ये, तोंडाला आजीचं रक्त लागलेलं असताना सांगितलं. वरून उतरलेल्या हॅरिएटने ते ऐकलं. ती चिखलात वाकली. हातरुमालात सापाचे तुकडे गोळा करून घेऊन गेली. रागावली असती तर गयाबाईला बरं वाटलं असतं.

रात्री अनुपने आईच्या मनगटाला मलम लावलं. इथे साप मारणं गुन्हा आहे, हॅरिएट घर सोडा म्हणू शकते, हे तो स्वयंपाकघरात सुमेधाशी बोलत होता. भिंती पातळ होत्या.

त्याआधी, वंदनेच्या वेळी, पोरगी उभी राहिली नाही. गयाबाईने एकटीने हात जोडले. ‘पाणातिपाता’ म्हटलं आणि मागून आवाज आला. स्वच्छ मराठीत.

“आजी, तू खोटं बोलतेस.”

एवढे आठवडे जिची वाट बघितली ती भाषा ही अशी आली. गयाबाई वळली.

“हो,” ती म्हणाली. “मले तू दिसली, अन् जनी दिसली. साप दिसलाच नाही. मारला मी.”

जनी कोण, पोरीने विचारलं नाही. ती आत निघून गेली.

पुढचे काही दिवस ती आजीच्या वाऱ्याला उभी राहिली नाही. गयाबाई दारातच बसायची. फावडं अजून तिथेच होतं. ते उचलून ठेवायला कुणाचा हात होत नव्हता.

कुंपणाच्या झुडपात काळ्या आम्झेल पक्ष्याचं घरटं होतं. एका सकाळी पिल्लू उडायच्या नादात गवतात पडलं आणि शेजारच्या राखी बोक्याने ते उचललं. मारलं नाही, सोडायचा, पंजा मारायचा, परत धरायचा. आई डोक्यावर किंचाळत घिरट्या घालत होती. धम्मदीपा तळ्यापाशी उभी होती. बगळा बघणारी, कोळी बघणारी पोरगी. गयाबाईला वाटलं, हेही बघेल आता.

पोरीने फावडं उचललं. तिच्या उंचीएवढं होतं, तरी उचललं. गयाबाई उठायच्या आत ते खाली आलं. फावड्याची कड बोक्याच्या मागच्या पायावर बसली. हाड मोडल्याचा आवाज दारापर्यंत आला. बोका माणसासारखा ओरडला, तीन पायांवर कुंपणाखालून निसटला. गवतात रक्ताचा माग राहिला. पिल्लू तसंही मेलं होतं.

धम्मदीपा फावड्याकडे बघत उभी राहिली. मग ते टाकून दाराकडे आली, आणि पाण्याची बादली ठेवावी तशी दाणकन आजीच्या मांडीवर बसली.

“आजी,” ती म्हणाली, “मी पण.”

गयाबाईने तिला धरलं. मनगटावरच्या दातांच्या खुणा अजून निळ्या होत्या. पोरीने त्यांवर बोट फिरवलं.

बोका कुणाचा ते दोघींना माहीत होतं. गयाबाईने पदराने पोरीचं तोंड पुसलं, पायांत चपला सरकवल्या. वरच्या खिडकीत हॅरिएट उभी होती. तिने सगळं पाहिलं असणार. शेजाऱ्याच्या घंटीपाशी दोघी पोचल्या. गयाबाईला जर्मन येत नव्हती आणि पोरीला रडण्याने बोलता येत नव्हतं.

“तू म्हण, मी मारलं,” गयाबाई म्हणाली. “मी बाजूला उभी आहे. माझ्या सापाचंही सांग.”

पोरीने नाक ओढलं, आजीचा हात धरला आणि घंटी दाबली.