दोन माणसांसाठी तीन रात्री

पर्ल बे हॉटेलात सत्तावीस वर्षं खोल्या आवरणाऱ्या एल्डिकाला निवृत्तीच्या दिवशी एक केक, एक फुलांचा गुच्छ आणि एक भेटपत्र मिळालं. भेटपत्रावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं, 'दोन माणसांसाठी तीन रात्री, समुद्राकडची खोली, खाणंपिणं सगळं हॉटेलतर्फे.' खाली मॅनेजर प्रेस्कॉडची लफ्फेदार सही.

आमच्या गावात अशी भेटपत्रं सात-आठ घरांत आहेत. सगळी काचेच्या चौकटीत, लग्नाच्या फोटोशेजारी भिंतीवर टांगलेली. ती वापरायची असतात हे कुणाच्या डोक्यातही येत नाही. ज्या चादरी आपण जन्मभर ताणून घातल्या, त्यांच्यावर जाऊन लोळायचं? लोक काय म्हणतील? हॉटेललाही हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर सोनेरी शाई वापरताना त्यांचा हात सैल असतो.

एल्डिकानेही ते चौकटीत घातलं. चार महिने रोज त्यावरची धूळ पुसली. मग बोनिटो माशांच्या हंगामाचा शेवटचा आठवडा आला. त्या शुक्रवारी तिने चौकट भिंतीवरून उतरवली, मागचा पुठ्ठा उचकटला, भेटपत्र पर्समध्ये टाकलं आणि चर्चला घालायची पिवळी टोपी घालून ती पर्ल बेच्या पुढच्या दाराने आत शिरली. सत्तावीस वर्षांत त्या दारातून ती पहिल्यांदाच आत जात होती.

काउंटरवरची मुलगी गावातलीच; गावातली सगळी पोरं एल्डिकाला टँटी, म्हणजे मावशी, म्हणायची. "टँटी, अगं मागच्या दाराने ये ना, साहेब बघतील," ती कुजबुजली. मग तिने भेटपत्र वाचलं आणि रजिस्टर पुढे ओढलं.

"लिही," एल्डिका म्हणाली. "एल्डिका ॲल्फ्रेड. दुसरा पाहुणा हेस्टन ॲल्फ्रेड."

"हेस्टन अंकल? ते कुठायत?"

"येईल तो. भरती-ओहोटी बघून येईल."

मुलीने निमूटपणे दोन्ही नावं रजिस्टरात लिहिली. एल्डिकाने मान वाकवून शब्द न् शब्द नीट लिहिलाय ना ते पाहून घेतलं.

हेस्टन म्हणजे तिचा धाकटा भाऊ. गावातली शेवटची रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, त्याची. रापणीच्या एका दोराचं टोक नदीच्या मुखाशी गावकरी धरून उभे राहतात. होडी जाळं सोडत सोडत माशांच्या थव्याला अर्धा वळसा घालते आणि दुसऱ्या दोराचं टोक पुढे किनाऱ्यावर आणून देते. मग दोन्हीकडून ओढायचं. कोण ओढतंय हे कुणी विचारत नाही. दोराला हात लावला की वाटा मिळाला, मग तो पाद्री असो नाहीतर रस्त्याने जाणारा परका. आमच्याकडे दोर धरायला आलेल्याला कधी कुणी परत पाठवलेलं नाही.

पण दुसरा दोर उतरवायला सपाट वाळू एवढीच, हॉटेलसमोरची. बाकी सगळा खडक. हॉटेल झालं तेव्हा गावसभेने करार केला होता की रापणीचा हक्क तसाच राहील. मात्र ज्या वर्षी पूर्ण हंगामात एकदाही रापण ओढली जाणार नाही, त्या वर्षी हक्क संपला, वाळू कुंपणात. तेव्हा सगळे हसले होते. रापण नाही असा हंगाम असतो का कधी?

प्रेस्कॉड बार्बाडोसहून आला आणि त्याने करार बारकाईने वाचला. त्याने रापण बंद केली नाही, तेवढा तो मूर्ख नव्हता. त्याने फक्त वाळूवर आरामखुर्च्यांच्या रांगा लावल्या, दोन टोकांना दोन रखवालदार उभे केले आणि 'फक्त पाहुण्यांसाठी' अशी पाटी ठोकली. या हंगामात हेस्टनने दोनदा जाळं टाकलं आणि दोन्ही वेळा दोराचं टोक घेऊन होडी किनाऱ्याशी आली, तर घ्यायला माणूस नाही. गावकऱ्यांना रखवालदार अडवत होते. हॉटेलात काम करणारे सगळे गावातले, पण ते खाली मान घालून ग्लास पुसत होते. थवा निसटला आणि दुसऱ्या वेळी जाळंही खडकावर फाटलं.

तेव्हा एल्डिका हेस्टनच्या घरी जाऊन ओरडली होती, "तुला लाज नाही वाटत, दोर पाण्यात सोडून परत यायला?"

हेस्टन जाळं शिवत होता. मान वर न करता म्हणाला, "धरायला एक माणूस दे, एल्डी. एकच. मग बोल."

रविवारी हंगाम संपत होता.

पहिल्या दिवशीच प्रेस्कॉड तिला भेटायला वाळूवर आला. कडू औषध प्यायल्यासारखं तोंड करून हसला. "मिस एल्डिका! केवढा आनंद झाला. पण इथे ऊन फार आहे हो. बागेकडे छान सावली आहे, तिथे व्यवस्था करू?"

"नको. मला ही तिसरी खुर्चीच हवी."

"हीच का?"

"इथून समुद्र दिसतो, मिस्टर प्रेस्कॉड. भेटपत्रावर लिहिलंय ना तुम्ही."

तिसरी खुर्ची दोन बदामाच्या झाडांच्या मधोमध होती. डावीकडच्या झाडाच्या बुंध्याला कमरेच्या उंचीवर खोल गोल खाच पडलेली. आमच्या आज्या-पणज्यांपासून तिथे दोराचा वेढा बसतो. प्रेस्कॉडने त्या झाडाला दिव्यांची माळ गुंडाळली होती आणि खाच त्याच्या नजरेसच आलेली नव्हती.

आता आराम करायचा म्हणजे काय करायचं, हे एल्डिकाला काही केल्या जमेना. पहाटे पाचला जाग आली. सहाला तिने स्वतःची चादर काढून, झटकून, कोपरे दुमडून घातली. खोली आवरायला आलेली पोरगी रडकुंडीला आली, "टँटी, मग मी काय करू?" तिला एल्डिकाने खुर्चीत बसवलं आणि कोको-टी पाजला. नाश्त्याला परदेशी पाव आला तो तिने परत पाठवला आणि खारवलेला मासा आणि बेक, म्हणजे आमची नारळाची जाड रोटी, मागितली. स्वयंपाकघरात म्हणे त्यावर टाळ्या वाजल्या.

पण खुर्चीवर आडवं झाल्यावर तिला खरोखर राग आला. केवढी मऊ होती ती खुर्ची! सत्तावीस वर्षं असल्या खुर्च्या पुसल्या, उचलल्या, पावसात आत ओढल्या, आणि त्यांच्यावर पाठ टेकली की खाडी अशी दिसते हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. आपल्या बापाची खाडी बघायला आपल्याला भेटपत्र लागावं, या विचाराने तिचे डोळे भरून आले. तिने टोपी तोंडावर ओढून घेतली.

शेजारच्या खुर्चीत मिसेस लिंडक्विस्ट होत्या. थंड देशातल्या, पंच्याहत्तरीच्या, दरवर्षी येणाऱ्या. "तू माझ्या टॉवेलचे हंस करायचीस ना?" त्यांनी विचारलं.

"हो."

"या वर्षीचे हंस बदकासारखे आहेत."

दोघी खूप हसल्या. शनिवारी समुद्र रिकामाच राहिला. एल्डिका दिवसभर क्षितिजाकडे बघत बसली आणि बारमधल्या डेक्स्टरला दर तासाला विचारत राहिली, "पाणकोळी दिसले का रे?"

"टँटी, तू आराम कर ना जरा."

"तेच करतेय. तू बघ."

रविवारी दहाच्या सुमाराला पाणकोळी आले. आधी दोन, मग दहा-बारा, दगड टाकावेत तसे पाण्यात कोसळू लागले. खाली पाणी माशांनी काळं झालं होतं आणि उकळत होतं. टेकडीवरून थवा आल्याचा शंख वाजला. चर्चमध्ये प्रार्थना निम्म्यात होती. आमचे पाद्री अशा वेळी पुढचं सगळं गाळून थेट आमेनवर येतात. दोनच मिनिटांत नदीच्या मुखाशी कडक इस्त्रीचे सदरे आणि पांढरे झगे गुडघाभर पाण्यात उभे राहिले. होडी सुटली. हेस्टन पुढे उभा होता आणि जाळं भराभर पाण्यात जात होतं.

एल्डिकाने टोपी काढून खुर्चीवर ठेवली. होडी वळसा घेऊन पोहणाऱ्यांसाठी लावलेल्या बोयांच्या रांगेवरून आत आली, तेव्हा एल्डिका कमरेइतक्या पाण्यात होती. हेस्टनने दोर भिरकावला. तिने तो झेलला.

"ओ मॅडम!" रखवालदार ओरडला, आणि मग ओळख पटून, "टँटी, सोड! बाहेरच्यांना मनाई आहे!"

"मी बाहेरची आहे का? खोली क्रमांक चौदा. जाऊन बघ."

तिने दोर झाडापर्यंत ओढत आणला, दिव्यांची माळ तोडून फेकली आणि खाचेत वेढा घातला. दोर ताणला गेला आणि झाड करकरलं. एकटी बाई किती धरणार? तळवे सोलवटत होते. प्रेस्कॉड पायऱ्यांवरून धावत येताना दिसला. तेव्हा ती बारकडे तोंड करून गरजली, "डेक्स्टर! इकडे ये. मला मदत हवीय."

डेक्स्टर हातातल्या ग्लाससकट गोठला. "टँटी, माझी नोकरी जाईल."

"कर्मचाऱ्यांच्या खोलीत भिंतीवर काय लिहिलंय? म्हण."

ते वाक्य एल्डिकानेच प्रत्येक नव्या माणसाकडून पाठ करून घेतलं होतं. डेक्स्टर पुटपुटला, "पाहुण्याला कधीही नाही म्हणायचं नाही."

"मी पाहुणी आहे. म्हण नाही!"

डेक्स्टरने प्रेस्कॉडकडे पाहिलं, एल्डिकाकडे पाहिलं. मग ग्लास वाळूत ठेवला आणि दोर धरला. त्याच्या मागोमाग माळी आला, त्याच्यामागे खोल्या आवरणाऱ्या चौघी आल्या, आणि स्वयंपाकघरातला मुख्य आचारी पांढऱ्या टोपीसह धावत आला. "पाहुणीने बोलावलं!" प्रत्येक जण येताना मोठ्याने सांगत होता, जणू पोलिसात जबाब देतोय.

"हे काय चाललंय? सोडा ते!" प्रेस्कॉड ओरडला.

"मी धरू का?" मिसेस लिंडक्विस्टनी विचारलं. त्या आधीच उठून उभ्या होत्या.

"आमच्यात विचारत नाहीत," एल्डिका म्हणाली. "धरा."

त्यांनी धरलं. मग त्यांच्या पलीकडचं जोडपं आलं, मग पोहणारे आले, अंगाला तेल चोपडलेले; दोर त्यांच्या हातातून निसटत होता, पण आले. नदीकडून गाणं सुरू झालं. इकडे ते फक्त नोकरांना येत होतं, पाहुणे नुसतेच ओरडत होते. पाऊण तासाने जाळ्याचं पोट वाळूला लागलं. आत हजारभर बोनिटो तडफडत होते आणि उन्हात चमकत होते. एल्डिका मटकन वाळूत बसली आणि रडली. लपवण्यासारखं त्यात काहीच नव्हतं.

हेस्टन पाण्यातून चालत वर आला. ओलाचिंब, उघडा, अनवाणी. प्रेस्कॉड त्याच्या आडवा आला. "तू पाहुणा नाहीस. तू इथे पाय ठेवू शकत नाहीस."

"दोन माणसांसाठी," एल्डिका बसल्या जागेवरून म्हणाली. "रजिस्टर उघडा. तो दुसरा."

काउंटरवरची मुलगी तिथेच होती, तिचेही हात दोराने लाल झालेले. तिने मान डोलावली.

प्रेस्कॉडने बोट उगारलं. "ठीक आहे. या क्षणापासून तुमचं भेटपत्र रद्द. सामान घ्या आणि निघा. दोघंही."

एल्डिका हळूहळू उठली. झग्यावरची वाळू झटकली.

"निघते. पण लिहून द्या."

"काय लिहून?"

"काय कारणासाठी रद्द केलंत ते. 'पाहुणीने हॉटेलसमोरच्या वाळूवर रापण ओढली म्हणून.' आजची तारीख टाका. खाली तुमची ती सुंदर सही करा. उद्या गावसभेत तेवढा एकच कागद लागतो आम्हाला."

प्रेस्कॉडने खिशातल्या पेनाकडे नेलेला हात मागे घेतला. मिसेस लिंडक्विस्ट फोटो काढत होत्या. पलीकडचं जोडपंही. आचारी कुठेतरी दुसरीकडे बघत होता, पण त्याचे खांदे गदागदा हलत होते.

"म्हणजे रद्द नाही ना?" एल्डिकाने विचारलं. "एक रात्र राहिलीय माझी."



हेस्टनने वाटे घालायला सुरुवात केली. आमच्या रीतीप्रमाणे आधी नदीकडच्यांचे, मग झाडाकडच्यांचे. डेक्स्टरला मिळाला, माळ्याला मिळाला, चौघींना मिळाला. मिसेस लिंडक्विस्टनी आपले दोन मासे तान्ह्या बाळासारखे छातीशी धरले. रखवालदारही लाजत पुढे आला. शेवटी त्यानेही दोर धरला होता, सगळ्यात मागे. हेस्टन वाकून माणसं मोजत चालला आणि प्रेस्कॉडपाशी थांबला.

"यांचा?" त्याने बहिणीला विचारलं.

एल्डिकाने प्रेस्कॉडच्या हातांकडे पाहिलं. स्वच्छ, कोरडे, एकही ओरखडा नसलेले हात.

"यांचा नाही," ती म्हणाली. "यांनी दोर धरला नाही."

मग ती आपल्या तिसऱ्या खुर्चीवर जाऊन आडवी झाली. चौथ्या खुर्चीकडे बोट करून तिने हेस्टनला बोलावलं. तो ओल्या अंगाने बसायला कचरत होता.

"बस रे," ती म्हणाली. "आपलीच वाळू आहे."