दोन लांब, एक आखूड

लॅपटॉप मिटून अर्धा तास झाला, तरी आर्डिसच्या फोनवर ‘एक जण जोडलेला आहे’ असंच दिसत होतं. घरात दुसरं माणूस नाही, मांजराला फोनमधलं कळत नाही. मग हा एक जण कोण?

आर्डिस टॉलेफसन नॉर्थ डकोटातली, त्र्याहत्तर वर्षांची, बिनलग्नाची. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं वजनकाट्यापाशी बसलेली बाई. काटा केसभर हलला तरी का हलला ते कळेपर्यंत तिला जेवण गोड लागायचं नाही.

आठ दिवसांपूर्वी बिटाच्या शेतात कुणीतरी नांगर खोल घातला आणि इंटरनेटची केबल तोडून ठेवली. दुरुस्तीवाला ‘येतो, येतो’ म्हणत होता, येत मात्र नव्हता. तोवर फोनचं हॉटस्पॉट लावायचं आणि त्यावर लॅपटॉप चालवायचा, असं तिचं चाललं होतं. पण त्याला डेटा मोजकाच. तो संपला की सगळा कारभार मुंगीच्या पावलानं. आणि गुरुवारी सकाळी दहाला चर्चच्या वरिष्ठ मंडळाची बैठक होती, लॅपटॉपवरच. शेतांच्या मधोमध उभं असलेलं त्यांचं लहानसं चर्च, आठच डोकी उरलेली. ते ठेवायचं की कुलूप लावायचं हे त्या दिवशी ठरणार होतं. तिचे आईवडील तिथल्या मातीत होते, भाऊ मर्लही तिथेच. ते ठेवावं म्हणून तिनं चार पानी भाषण लिहिलं होतं आणि त्यासाठी डेटा पोटाला चिमटा काढून जपला होता. आणि इथे कुणीतरी तो फुकटात चाटत होतं.

फोन हातात धरून ती अंगणात उतरली. धान्याच्या टाक्यांपलीकडे गेली तर तो एक जण गायब. माघारी फिरली तर पुन्हा हजर. अंगणापलीकडच्या घराच्या खिडकीखाली गेली, तर तिथे त्यानं ठाणच मांडलेलं. ते घर लाव्हॉनचं. मर्लची बायको, आर्डिसची भावजय.

“अस्सं होय,” आर्डिस पुटपुटली.

पण पासवर्ड? तो तर तिनं कुणाला सांगितला नव्हता. सांगायची गरजच नव्हती म्हणा. तिच्या लहानपणी इथल्या पाच शेतांना मिळून टेलिफोनची एकच तार होती. प्रत्येक घराची घंटा वेगळी, टॉलेफसनांची दोन लांब, एक आखूड. घंटा कुणाचीही वाजो, पाचही घरांत हळूच रिसीव्हर उचलले जायचे. त्याला कुणी चोरी म्हणत नसे, शेजारधर्मच तो. आर्डिसनं पासवर्ड ठेवला तो तोच, ‘लांबलांबआखूड’. कुणाच्या बापाला सुचणार नाही, असं तिला वाटलं होतं. त्या तारेवरची बाकीची माणसं वारली नाहीतर ॲरिझोनाच्या उन्हात जाऊन बसली. राहिली एकटी लाव्हॉन, पलीकडच्याच शेतावर वाढलेली, पाळण्यापासून दुसऱ्यांच्या घंटेला कान लावून बसणारी.

पासवर्ड बदलायला दोन मिनिटं पुरली असती. तिनं बदलला नाही. ही बया एवढं करते तरी काय, हे तिला कळायलाच हवं होतं. विचारायची मात्र सोय नव्हती, कारण तीन वर्षं अबोला होता. मर्लला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात कॉफी आणि जेवण चाललं होतं, तेव्हा आर्डिस सगळ्यांदेखत म्हणाली होती, “हिच्या हाताला मीठ जरा कमी असतं तर माझा भाऊ आज जेवायला असता.” लाव्हॉननं हातातलं भांडं खाली ठेवलं. त्या दिवसापासून ती चर्चमध्ये पलीकडच्या बाकावर बसायला लागली.

गुरुवारी दहाला पडद्यावर चौकोन उघडत गेले. मंडळाचे सात चेहरे, दोन गावकरी, आणि खालच्या कोपऱ्यात लाव्हॉन, केस विंचरून, चांगला स्वेटर घालून.

म्हणजे यासाठी. माझ्याच फोनवरून ही माझ्याविरुद्ध बोलणार. आर्डिसच्या अंगाचा तिळपापड झाला.

बोलायची तिसरी पाळी लाव्हॉनची होती, चौथी आर्डिसची. दुसऱ्याचं बोलणं संपतंय तोच फोनवर सूचना आली, डेटा संपत आला आहे. उपाय सोपा होता. फोन वायरनं लॅपटॉपला जोडायचा आणि हॉटस्पॉटचं वायफाय बंद करायचं. आर्डिस चालू, लाव्हॉन गप्प. तिनं वायर हातात घेतली.

“माझ्या नवऱ्याला इथं पुरलंय,” लाव्हॉन म्हणाली, आणि आवाज तुटायला लागला. “तळघरात... नणंद म्हणाली ते... मीठ...” चेहरा गोठला, तोंड अर्धवट उघडं.

मीठ काय? आर्डिस पडद्याकडे बघत राहिली. तीन वर्षं ही बाई चकार शब्द बोलली नव्हती, आणि आता बोलतेय तर ऐकू येत नाही. वायर टेबलावर टाकून तिनं लॅपटॉप खाडकन मिटला, फोन उचलला आणि अंगण ओलांडलं. दार न वाजवताच ती आत शिरली आणि फोन लाव्हॉनच्या लॅपटॉपला टेकवून ठेवला.

लाव्हॉननं वर पाहिलं. पण बोलणं थांबवलं नाही.

“डॉक्टरांनी मीठ बंद केलं होतं. मर्ल मागायचा. ‘एवढीच तर चव उरलीय,’ म्हणायचा. मी द्यायचे. माझी नणंद बोलली ते खरंच होतं, म्हणून मला बोलता आलं नाही. हे मला त्या तळघरात, सगळ्यांसमोर सांगायचं होतं. तीन वर्षं दर रविवारी ठरवून जाते आणि तशीच परत येते. तुम्ही कुलूप लावलंत तर मी ते सांगू कुठं?”

अध्यक्षबाईंनी कागद चाळला आणि पुढचं नाव वाचलं, “आर्डिस टॉलेफसन.”

लाव्हॉननं खुर्ची सरकवून जागा केली. आर्डिस बसली. चार पानं तिकडेच राहिली होती, आणि डोळे भरल्यामुळे ती वाचताही आली नसती.

“मर्लनं मला मागितलं असतं तर मीही दिलं असतं गं,” ती म्हणाली.

अध्यक्षबाईंनी चष्मा सारखा केला. “माफ करा, हे चर्चविषयी आहे का?”

“हो,” लाव्हॉन म्हणाली. “चर्चविषयीच आहे.”